एक भिंत, दोन कुंड्या

घर रंगवायला काढलं की भिंतींच्या आधी माणसांचे रंग दिसायला लागतात. एरवी आमटीत मीठ नाही हेही ज्यांच्या लक्षात येत नाही, असे गृहस्थ ‘ऑफ व्हाइट’ आणि ‘आयव्हरी’ यांतला फरक हातवारे करून सांगू लागतात. कन्येला एक भिंत गडद निळी हवी असते, चिरंजीवांना काळी. आजीला ‘काहीतरी प्रसन्न’ हवं असतं. प्रसन्न म्हणजे नेमकं काय हे ती सांगत नाही, पण ते नसलं की लगेच सांगते. घर आवरणाऱ्या बाईचा सवाल एकच असतो: मळखाऊ आहे का? एवढी चर्चा होऊन दर वेळी निवडून येतो तो फिक्कट क्रीम, कारण त्याच्यावर कुणाचं प्रेम नसतं आणि कुणाचा रागही नसतो.

रंगाच्या दुकानात तर शब्दच निरुपयोगी ठरतात. आमच्या आत्याबाई काउंटरवर कोपर टेकवून म्हणाल्या, “अहो, जरा अबोली दाखवा. पण उन्हातली नको, संध्याकाळची.” पोरगा नम्रपणे म्हणाला, “मावशी, कोड नंबर सांगा.” त्याचंही बरोबर होतं. हल्ली दुकानात रंग तयार नसतो. पांढऱ्या बेसमध्ये यंत्र थेंबाथेंबाने रंगद्रव्य सोडतं आणि त्या यंत्राला आकडे कळतात. मोरपिशी, आमसुली, डाळिंबी, अंजिरी, शेवाळी हे सगळे रंग आत्याबाईंनी आयुष्यभर साड्यांवर पारखलेले. पण यंत्राने एकही साडी पाहिलेली नसते.

शेड कार्ड हा फसवा प्रकार आहे, आणि त्यामागे रीतसर कारण आहे. कार्डावरचा चौकोन नखाएवढा, भिंत दहा फुटी. कार्डावर मवाळ वाटणारा आंब्याचा रंग चारी भिंतींवर चढला की आरडाओरडा करतो, कारण एका भिंतीवरचा उजेड समोरच्या भिंतीवर पडून तोच रंग आणखी दाट होतो. शिवाय दुकानातल्या पांढऱ्या ट्यूबखाली जो राखाडी दिसतो, तो घरच्या पिवळ्या दिव्याखाली मातकट दिसू शकतो. म्हणून जुने रंगारी सांगतात ते करावं: लहानात लहान डबा आणावा, भिंतीवर दोन फुटांचा चौकोन मारावा, पूर्ण वाळू द्यावा, आणि तो सकाळी, दुपारी, रात्री दिवा लावल्यावर असा तिन्ही वेळा बघावा. यात एक दिवस जातो. पण एका दिवसाची घाई पुढे पाच-सात वर्षं भिंतीवर दिसत राहते.

रंगारी मात्र रंगाबद्दल फारसं बोलतच नाही. तो बोटाच्या पेराने भिंत वाजवतो, पोकळ आवाज आला की मान हलवतो आणि म्हणतो, “साहेब, आत ओल आहे.” ओल असली की पुढचं सगळं फुकट. वर कितीही भारी रंग लावा, पावसाळा सरता सरता पोपडे सुटतात आणि लोणा वर येतो. आधी ओल काढायची. मग खरवडायचं, लांबी भरायची, पत्र्याने सारखी करायची, पॉलिश पेपर मारायचा, धूळ पुसायची, प्रायमर लावायचा, आणि मग रंगाचे दोन हात. पाहुणे ज्याचं कौतुक करतात ते हे शेवटचे दोन हात. घाम सगळा त्यांच्या खाली गाडलेला असतो.

स्वतः खरवडायला बसणार असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशाला ९० पीपीएमची मर्यादा लागू झाली ती नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये, विशेषतः जुन्या दार-खिडक्यांच्या थरांत, शिसं असू शकतं. म्हणून कोरडं घासू नये. ओलं करून घासावं, नाकातोंडाला फडकं नव्हे तर चांगला मास्क लावावा, आणि लहान मुलांना तेवढा दिवस मावशीकडे पाठवावं. मावशीला ही सजावटीतली तिची कामगिरी म्हणून सांगावं.

आमच्या लहानपणी हा एवढा खटाटोप नव्हता, पण दर वर्षी होता. दिवाळीच्या आधी पिंपात कळीचा चुना भिजायचा. खाली जाळ नसताना पाणी आपसूक रटरटायला लागायचं आणि मुलांना लांब उभं राहून तो चमत्कार बघायची परवानगी असायची. मग गाळलेल्या चुन्यात चिमूटभर नीळ, थोडा डिंक नाहीतर सरस, आणि कुंचा. गंमत अशी की ओला हात मारला की भिंतीवर काहीच दिसायचं नाही. वाळता वाळता ती पांढरी होत जायची. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि त्याची पुन्हा चुनखडी होते. म्हणजे दर दिवाळीला आपण भिंतीला दगडाचा पातळ पापुद्राच चढवत होतो. भिंतीला टेकलं की तो सदऱ्याच्या पाठीवर उतरायचा, आणि कोण कुठे किती वेळ टेकून बसलं होतं हे सगळ्या आळीला कळायचं.

तो रंग वर्षभरच टिकायचा, आणि माझ्या मते तोच त्याचा मोठा गुण होता. वर्षातून एकदा सामान हलायचं, कपाटामागची झुरळं आणि हरवलेली उलथनी सापडायची, कुठे चीर गेली, कुठे वाळवी आली ते कळायचं. आता डब्यावर वर्षांची हमी छापलेली असते. ती वर्षं आपण भिंतीकडे पाहतच नाही. पाहायचं म्हटलं तर मध्ये टीव्ही असतो.

जमिनीचंही तेच. सारवण दर आठ-पंधरा दिवसांनी, कडेला काव किंवा गेरू, आणि उंबऱ्यावर रोज रांगोळी. वारली घरांत तर लग्नाचा चौक गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सुवासिनी काढायच्या, तोही बांबूच्या काडीचं टोक चावून केलेल्या कुंचल्याने. लग्न झालं, भिंत पुन्हा सारवली, चित्र गेलं. पुढच्या लग्नाला नवं. जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रकला कागदावर नेली आणि जगभर पोहोचवली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आज तीच चित्रं स्टिकर होऊन आपल्या घरांत आली आहेत. स्विचबोर्डाभोवती तारपा नाच चाललाय आणि मधोमध गिझरचं बटण, हे दृश्य आता नवं नाही. माझी हरकत स्टिकरला नाही. पण गेरू, पांढरा रंग आणि एक काडी एवढ्यात ज्याची हौस भागू शकते, त्याने काडी चावून बघायला काय हरकत आहे? माणसांचे त्रिकोण वाकडे आले तर ते नाचतायत म्हणून सांगता येतं. ही सोय दुसऱ्या कुठल्या चित्रकलेत नाही.

रंगाचं निभलं की माणूस झाडांकडे वळतो, आणि झाडांची सुरुवात बहुतेक घरांत चोरीने होते. मनी प्लांट चोरून आणलेलाच वाढतो, विकत घेतलेला नाही, हे शास्त्र प्रत्येक सोसायटीत पाठ आहे. त्यामुळे चोरीला मालकाची संमती असते. शेजारच्या काकू “आधण ठेवते हं चहाचं” म्हणून मुद्दाम आत जातात. तेवढ्यात फांदी तोडून पिशवीत टाकायची आणि चहा पिताना वेलाकडे बघायचंही नाही. मुळात हा वेल फ्रेंच पॉलिनेशियातल्या मोरेआ बेटावरचा. फुलायला लागणारं जिबरेलिन नावाचं संप्रेरक तो स्वतः पुरेसं बनवू शकत नाही, असं २०१६ साली संशोधकांना आढळलं. म्हणूनच त्याचं फूल कुणी पाहिलेलं नसतं. फूल नाही म्हणजे बी नाही. तेव्हा पेरासकट तोडलेली फांदी हाच घरोघर पसरण्याचा त्याचा मार्ग. आपण पुण्यात काय किंवा पनवेलला काय, एकमेकांकडून फांद्या पळवून त्याचा वंश चालवतोय. पैसा येतो की नाही ते वेगळं. पान चावलं तर तोंड मात्र चुरचुरतं, म्हणून रांगत्या बाळाच्या आणि मांजराच्या आवाक्यात ठेवू नये.

झाडांनी घरातली हवा शुद्ध होते, असंही रोपवाटिकेत सांगतात. हे १९८९ सालच्या नासाच्या प्रयोगावरून आलं. तो प्रयोग बंद पेट्यांमध्ये केला होता. आपली घरं, देवाच्या कृपेने, बंद पेट्या नाहीत. निदान दाराखालून तरी वारा येतो. २०१९ साली अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी आधीचे सगळे प्रयोग तपासून हिशेब मांडला, की सामान्य वायुवीजनाने जेवढी हवा साफ होते तेवढी झाडांकडून करून घ्यायची तर दर चौरस मीटरला किमान १० झाडं लागतील, कदाचित १,००० सुद्धा. दहा बाय दहाच्या खोलीत कमीत कमी नव्वद कुंड्या! मग आपण गॅलरीत राहायचं. त्यापेक्षा खिडकी उघडावी आणि झाड आवडतं म्हणून लावावं. आवडण्याला नासाचा दाखला लागत नाही.

वास्तुशास्त्रवाले मनी प्लांटला आग्नेय दिशा सांगतात. दिशा कुठलीही असो, वन बीएचकेत जिथे ऊन येतं तिथेच झाड जातं, आणि ऊन कुठून येणार हे बिल्डरने आधीच ठरवलेलं असतं. पूर्वेची किंवा पश्चिमेची ग्रिल असेल तर जास्वंद, कढीपत्ता, सदाफुली, गवती चहा. कडक ऊन आणि विसरभोळा मालक असेल तर चिनी गुलाब, ज्याला ‘ऑफिस टाइम’ म्हणतात; ऊन वर आलं की उमलतो, दुपार कलली की मिटतो, हजेरी पक्की. उजेड बेताचा असेल तर स्नेक प्लांट किंवा मनी प्लांट. कुंडी हवीच असं नाही. तेलाचा डबा, कान तुटलेला कुकर, रंगाचा रिकामा डबा चालतो. तळाला भोकं पाडा म्हणजे झालं.

भोकं नसली तर काय होतं ते झाड सांगतं, पण उशिरा सांगतं. घरातली झाडं तहानेपेक्षा प्रेमाने जास्त मरतात. सकाळी आजी पाणी घालते, ऑफिसला निघताना सूनबाई घालते, शाळेतून आल्यावर नातू घालतो, आणि संध्याकाळी आजोबा म्हणतात, “या घरात झाडांकडे कुणाचं लक्षच नाही,” आणि तेही घालतात. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. माती सतत चिखल राहिली की मुळं कुजतात, पानं पिवळी पडतात, आणि पानं पिवळी पडली म्हणून पुन्हा पाणी. उपाय साधा: बोट दोन पेरं मातीत घालावं. ओलसर लागलं तर परत यावं. हे काम एकाच माणसाकडे सोपवावं, आणि तो माणूस शक्यतो आळशी असावा.

कुंडीखालच्या ताटलीत मात्र आळस चालत नाही. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि साधारण आठ-दहा दिवसांत नवा डास तयार होतो. म्हणून ताटल्या आणि बाटलीतल्या मनी प्लांटचं पाणी आठवड्यातून एकदा बदलायचं. शनिवार ठरवून टाकावा. डासाला वार कळत नाही, आपल्याला कळतो.

रंग आणि झाड यांचा मेळ कसा घालायचा, यावर आता चकचकीत पुस्तकं निघतात. लाल आणि हिरवा एकमेकांना उठाव देतात, असं त्यांत चक्र काढून दाखवलेलं असतं. पण जुन्या वाड्याच्या मागच्या दारी हे उघडपणे मांडलेलं होतं: गेरूने लिंपलेलं वृंदावन, त्यावर पांढरी रांगोळी, वर हिरवी तुळस. तीन रंग, खर्च नाममात्र, आणि सजावटकार नऊवारीत. आजही हिरव्या पानांमागे विटकरी किंवा हळदी रंगाची एखादी भिंत असेल तर पन्नास रुपयांचं रोप पाचशेचं दिसतं. ही भिंत गॅलरीची असली तरी पुरे. मातीच्या कुंडीला हौसेने रंग द्यायचा तर फक्त काठाला एक पट्टा द्यावा. सगळी कुंडी रंगाने बंद केली की तिच्या अंगातून पाणी आणि हवा खेळत नाही.

वृंदावन देखणं दिसायचं त्यात गेरूचा वाटा थोडा आणि नेमाचा मोठा. रोज कुणीतरी पाणी घालायचं, सणावारी कुणीतरी लिंपायचं. रंग आणि झाड या दोन्ही गोष्टी आणून ठेवल्या की झालं, अशातल्या नाहीत. त्यांना पुन्हा पुन्हा हात लावावा लागतो. सोफ्याला ती अपेक्षा नसते, म्हणून सोफा दहा वर्षं तसाच राहतो आणि आपणही त्याच्यावर तसेच राहतो. घर सजवायला किती पैसे लागतात हा प्रश्न त्यामुळे दुय्यम आहे. खरा प्रश्न, दर आठवड्याला किती वेळ देणार? त्या उत्तराएवढीच सजावट करावी.

तेव्हा यंदाच्या दिवाळीला सगळं घर काढू नका. एक भिंत काढा, जिची ओल आधी तपासली आहे अशी. रंगाचा एक डबा, एक रोलर, जुने पेपर, आणि सुट्टीचे दोन दिवस पुरतात. शेजारी दोन कुंड्या ठेवा. एक विकतची, एक चोरीची. आणि कसं दिसतंय हे पाहुण्यांना विचारू नका. ते क्रीमच सुचवतील.