न चालणारा पैसा

माझ्याकडे शंभर ट्रिलियन डॉलर आहेत. पाहुण्यांसमोर मी हे वाक्य टाकलं की बायको शांतपणे म्हणते, "हो, आणि दूधवाल्याचे सतराशे चाळीस थकलेत."

नोट झिम्बाब्वेची, जानेवारी २००९ मधली. एकावर चौदा शून्यं. ती घरी आणली त्या संध्याकाळी वडिलांनी चष्मा पुसला, उजवीकडच्या शून्यावर बोट ठेवलं आणि सुरू केलं : एकं, दहं, शतं, सहस्र... दशकोटीपर्यंत आवाज खणखणीत होता. अब्ज, खर्व, निखर्वला दम लागला. महापद्म, शंकू करत बोट एकावर टेकलं तेव्हा ते जवळजवळ ओरडलेच, "जलधी! छड्या खाऊन पाठ केलेलं आज पहिल्यांदा उपयोगी पडलं!" संख्यांची ही नावं सांगणारी भास्कराचार्यांची 'लीलावती' अशी हरारेपर्यंत पोचली.

"याचे मिळतील किती?" त्यांनी विचारलं. २०१५ मध्ये तिथल्या सरकारनं बँक खात्यांतले जुने डॉलर बदलून दिले, तेव्हा अशा साडेतीनशे जलधींना एक अमेरिकी डॉलर पडत होता. वडील क्षणभर गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे साडेतीनशे समुद्र ओतायचे आणि तांब्याभर पाणी घरी आणायचं."

या नोटेवर हरारेजवळच्या एपवर्थचे खडक आहेत, एकावर एक तोल सांभाळून उभे. स्वतंत्र झिम्बाब्वेच्या पहिल्या नोटांपासून ते तिथे आहेत. मागच्या बाजूला रानरेडा आणि व्हिक्टोरिया धबधबा. चलन त्या धबधब्याच्या वेगानं कोसळलं, खडक मात्र तसूभर हलले नाहीत. चित्र काढणाऱ्याला कल्पना नसावी, पण बातमी त्यानं दोन्ही बाजूंनी छापून ठेवली होती.

माझ्या अल्बममधली सगळ्यात महागाची नोट फाटकी आहे. फाटकी म्हणजे भोक पडलेली. झाईरची वीस हजारांची. १९९७ मध्ये तिथले हुकूमशहा मोबुतू पळाले. नव्या सरकारला नोटा हव्या होत्या, त्यांवरचा बिबट्याच्या कातड्याची टोपी घातलेला चेहरा मात्र नको होता. नव्या छापायला ना वेळ, ना पैसा. तेव्हा जुन्याच नोटांमधून चेहरा तेवढा कापून काढला आणि नोट बाजारात सोडली. प्रदर्शनातल्या विक्रेत्याला मी म्हटलं, "भोक आहे, काही कमी करा." तो म्हणाला, "साहेब, भोकाचेच तर पैसे आहेत!" मी ते मोजले. घरी आल्यावर एका संग्राहक मित्रानं नोट उजेडात धरली, भोकातून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हे किन्शासात पडलंय की कल्याणात?" त्या रात्रीपासून मला नीट झोप नाही.

एकूण नोटेवर माणूस छापणं जोखमीचं. दक्षिण आफ्रिकेनं तर कित्येक वर्षं केप वसाहतीचा संस्थापक यान व्हान रीबेक म्हणून जो गृहस्थ छापला, तो निघाला भलताच डच माणूस, व्हर्मायडेन नावाचा. १९९० च्या दशकात त्यांनी शहाणपणानं गेंडा, हत्ती, सिंह, रानरेडा, बिबट्या छापले. एका गेंड्याऐवजी दुसरा गेंडा छापला गेला, तर तक्रार कोण करणार?

आणि झाडं? झाडं निरुपद्रवी, असं मीही समजत होतो. सेशेल्सची १९६८ ची पन्नास रुपयांची नोट आणली, तेव्हा सासूबाई मुक्कामाला होत्या. त्या गुहागरच्या. नोटेवर इंग्लंडची राणी, तिच्यामागे माड, आणि चलनाचं नाव रुपया. एवढं सगळं ओळखीचं पाहून त्यांनी भिंग मागून घेतलं. आता, त्या माडाच्या झावळ्यांमध्ये कुणा चित्रकारानं तीन इंग्रजी अक्षरं अशी काही गुंफलीत, की ती दिसली की नोट जावयानं सासूबाईंना दाखवण्यासारखी राहत नाही. तो योगायोग की खोडी, यावर संग्राहक अजून भांडतात. मी श्वास रोखून उभा. बाईंनी बराच वेळ निरखलं, मान हलवली आणि निर्णय दिला, "झावळी अशी वळत नाही हो. यात काहीतरी घातलंय." मी घाईघाईनं भिंग काढून घेतलं आणि चहा टाकायला गेलो. गेल्या वीस वर्षांत मी पहिल्यांदाच चहा टाकत होतो, तेव्हा संशय बळावलाच असणार.

परवा बायकोनं विचारलं, "या मेलेल्या नोटांत बघण्यासारखं असतं तरी काय?" मी तयारच होतो. म्हटलं, चालती नोट कुणी बघत नाही, फक्त आकडा बघतं. आकडा मेला की चित्र दिसायला लागतं. एपवर्थचे खडक सांगितले, बिबट्याची टोपी सांगितली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि भाजीच्या पिशवीतून विसाची एक नवी नोट काढून मुठीत झाकली. "हिच्यामागे काय आहे?"

मी आठवलं. हिरवट पिवळा रंग आठवला. पुढे काहीच आठवेना.

तिनं मूठ उघडली. वेरूळची लेणी होती.

"हे घे," ती म्हणाली, "आणि येताना कोथिंबीर आण. जाताना बघत जा, ही अजून जिवंत आहे."