शाळेसमोरच्या टपरीवाल्या भाऊंना

भाऊ,

‘वय काय पोरांच्या कपाळावर लिहिलेलं असतं का, बाई?’ असं परवा तुम्ही मला चारचौघांत विचारलंत. उत्तर तिथंच द्यायचं होतं, पण घंटा झाली आणि मला वर्गावर जावं लागलं. म्हणून आता देते, आणि तेही चारचौघांतच.

कपाळावर नसतं लिहिलेलं. खिशावर असतं. आमच्या गणवेशाच्या खिशावर शाळेचं नाव शिवलेलं आहे आणि आमच्या शाळेत दहावीच्या पुढे वर्गच नाही. तो खिसा तुमच्या काउंटरला टेकलेला असतो, त्यातूनच दहाची नोट निघते आणि ती तुम्ही स्वतःच्या हातानं घेता. यापेक्षा ठळक वय कुणी कुठं लिहायचं?

आणि वय तुम्हाला कळतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मधल्या सुट्टीत मी फाटकाबाहेर आले की तुमचा तंबाखू-सुपारीचा मावा मळणारा हात थांबतो. प्लास्टिकचा तो तुकडा मांडीखाली सरकतो. समोरच्या पोरांपुढे झटकन लिमलेटच्या गोळ्यांची बरणी येते. त्या घोळक्यात एखादा मोठा माणूस उभा असला तर त्याची पुडी मात्र तुम्ही उघड देता, त्याच्यासाठी काही लपवत नाही. म्हणजे कुणापासून काय लपवायचं याचा हिशेब तुमच्या डोक्यात पक्का आहे.

तुमच्या टपरीवरचा फलकही मी नीट पाहिला. 60 सेंटिमीटर बाय 30 सेंटिमीटरचा फलक लावायचा नियम आहे, तुम्ही लावलाय. त्याच्यावरून चिप्सच्या पाकिटांची माळ सोडलीय. ती बरोबर ‘18’ या आकड्यावर येते. वारा आला की माळ हलते आणि आकडा दिसतो, वारा पडला की पुन्हा झाकला जातो. आमच्या पाचवीच्या पोरांना तो फलक वाचून दाखवा म्हटलं, तर त्यांनी ‘वर्षांखालील व्यक्तीस’ इथूनच वाचायला सुरुवात केली.

‘दोनशेची पावती फाडली की विषय संपला,’ हे तुमचं दुसरं वाक्य. 2003च्या तंबाखू कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलाला विकलं किंवा शाळेच्या 100 यार्डांत विकलं तर दंड दोनशे रुपयांपर्यंतच आहे, हे खरं. ती रक्कम लाजिरवाणी आहे, आणि हे मी सरकारलाही सांगेन. पण तुम्हाला ज्यानं हा कायदा सांगितला त्यानं पुढचा सांगितला नाही. 2015च्या बाल न्याय कायद्याचं 77वं कलम वाचा. मुलाच्या हातात तंबाखू दिला तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. गिऱ्हाईक सज्ञान होतं हे सिद्ध करायची जबाबदारीही विकणाऱ्याची आहे, म्हणजे तुमची. शंका आली तर वयाचा पुरावा मागायचा असतो. तुम्ही तो आजवर कुणाकडे मागितलाय?

‘बापासाठी नेतो म्हणाला,’ हे तिसरं. कित्येक बाप खरंच पाठवतात, आणि त्यांनाही मी पालकसभेत सोडत नाही. पण पुडी कुणासाठी आहे हे कायदा विचारत नाही, ती कुणाच्या हातात दिली ते विचारतो.

आणि तुमचा माल पोरांच्या खिशाच्या मापानंच तर कापलेला आहे! अख्खं पाकीट पोराला परवडत नाही, म्हणून सुटी सिगारेट. राज्यात सुट्या विक्रीवर सप्टेंबर 2020मध्ये बंदी आली, तरी तुमच्या टपरीच्या खांबाला दोरीनं बांधलेला लायटर अजून लटकतोच आहे. पाकिटाच्या दर्शनी बाजूंच्या 85 टक्के भागावर धोक्याच्या इशाऱ्यासह कर्करोगाचं चित्र असतं. सुट्या सिगारेटबरोबर ते पोराच्या हातात जातच नाही, ते तुमच्याच गल्ल्यापाशी राहतं. गुटखा 2012पासून बंद आहे. त्यानंतर सुगंधित तंबाखू आणि सुपारीही त्या बंदीत आली. तुमच्या मांडीखाली काय असतं ते मग तुम्हीच सांगा.

आता मला जे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं ते सांगते.

गेल्या वर्षी आठवीतला एक मुलगा पोषण आहाराची खिचडी बाजूला सारू लागला. ‘बाई, झोंबतंय.’ मी स्वयंपाकाच्या ताईंना बोलले, तिखट कमी करा म्हणून. त्यांनी मिरची निम्मी केली. तरी तो नुसता भात पाण्यात कालवून खायचा. बाकीची पोरं ताट चाटूनपुसून साफ करत होती. मी त्याला लाडावलेला म्हटलं. भाऊ, हे माझ्याकडून झालं आणि मी ते विसरणार नाही. पुढे दातांच्या तपासणीला डॉक्टर आले. त्यांनी त्याला तीन बोटं उभी करून तोंडात घालायला सांगितली. दोनच गेली. तिसरं बोट तो ओठाशी दाबत राहिला, हसला, मग रडायला लागला. गालाच्या आतली कातडी आखडत चालली होती. सुपारीनं हे होतं, आणि आखडलेलं तोंड पूर्वीसारखं होत नाही, असं डॉक्टर म्हणाले. पुढे कर्करोगाची भीती असते ती वेगळीच. सहावीपासून मावा खात होता. कुठून घेत होता हे मी विचारलं नाही. तो तुमच्या टपरीकडे पाहत होता.

तुमचा धाकटा माझ्याच वर्गात आहे. दिवाळीआधी त्याच्या दप्तरात पुडी सापडली तेव्हा तुम्ही टपरी उघडी टाकून धावत आलात. हात जोडलेत आणि म्हणालात, ‘बाई, लक्ष ठेवा, पोरगं वाया जाईल.’ तुमचा आवाज कापत होता. मी लक्ष ठेवलं, रोज ठेवते. तो मुलगा सुटला. त्या दिवशी तुम्हाला काय वाटलं ते मला पूर्ण समजतं, आणि म्हणूनच त्याच संध्याकाळी तुम्ही पुन्हा मावा मळायला बसलात हे मला समजत नाही. खिचडी झोंबणारा तो मुलगाही कुणाचा तरी धाकटा आहे. त्याची आई ऊसतोडीला जाते. ती काम टाकून धावत येऊ शकली नाही.

पोट कसं भरायचं, असं तुम्ही म्हणाल. वह्या, पेनं, शेंगदाण्याचे लाडू, चहा, झेरॉक्स यांसाठी आमची पोरं आणि पालक रोज बसस्टँडपर्यंत चालत जातात. एवढं गिऱ्हाईक दारात असलेली टपरी उपाशी राहणार नाही. वह्यांचा घाऊक व्यापारी मी गाठून देते, माझ्या ओळखीचा आहे.

सोमवारी सकाळी साडेदहाला आम्ही 100 यार्डांवर पिवळी रेघ मारणार आहोत. 100 यार्ड म्हणजे 91 मीटर आणि थोडं वर, आणि ते शाळेच्या कुंपणापासून मोजायचे असतात. मैदानावरच्या लांब उडीची फीत घेऊन मी एकदा मोजून पाहिलंय. तुमची टपरी 38 मीटरवर आहे. मुख्याध्यापक असतील, व्यवस्थापन समितीचे पालक असतील, नगरपालिकेला आणि पोलीस ठाण्याला पत्र गेलंय. रंगाचा डबा आणून ठेवलाय.

फितीचं एक टोक मी कुंपणाशी धरेन. दुसरं धरायला तुम्ही या.

तुमच्या धाकट्याच्या
वर्गशिक्षिका