चालकाचा ताबा सुटला

बीड जिल्ह्यातल्या तेलगावात गळीत हंगाम सुरू झाला की उसाची मोळी साखर कारखान्याच्या गव्हाणीत पडते आणि दगड धारूर घाटात. हे दगड डोंगरावरून घरंगळत येत नाहीत. ते माणसंच आणून ठेवतात.

उसाची ट्रॉली भर रस्त्यात पंक्चर होते. मागून येणाऱ्याला कळावं म्हणून भोवती चार दगड मांडायचे, वर हिरवं वाढं खोचायचं. झाली सुरक्षा यंत्रणा! टायर बदलला की चालकाला पुढच्या खेपेची घाई. ट्रॉली जाते, दगड राहतात, आणि रात्री एखादा मोटारसायकलवाला थेट सुरक्षा यंत्रणेवरच आदळतो. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ चार्ल्स पेरो यांनी 1984 सालच्या ‘नॉर्मल ॲक्सिडेंट्स’ या पुस्तकात हेच मांडलं होतं: गुंतागुंतीच्या व्यवस्थेत संरक्षणासाठी जोडलेली गोष्टच कधीकधी नव्या अपघाताला वाट करून देते. त्यासाठी बिचाऱ्यांनी अणुभट्ट्या धुंडाळल्या. तेलगाव फाट्यावर एक चहा घेतला असता तरी भागलं असतं.

घाटाच्या चढाला दोन भरलेल्या ट्रॉल्यांच्या ओढीनं ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलतात. उपाय सोपा, पुढं दोन माणसं बसवायची. मागं रेडियमची पट्टी असते, पण ती लोंबत्या उसाखाली झाकलेली. विचारलं तर उत्तर ठरलेलं, “काही होत नाही, दरसाल असंच नेतो.”

नासाचंही हेच म्हणणं होतं, फक्त आलेखासह. ‘चॅलेंजर’ अवकाशयानाच्या दुर्घटनेआधीच्या उड्डाणांतही रॉकेटच्या सांध्यांतल्या रबरी कड्या झिजलेल्या सापडल्या होत्या, यानं सुखरूप परतली म्हणून ती झीज चालण्याजोगी ठरली. 28 जानेवारी 1986 च्या गारठ्यात कडी दगा देऊन गेली आणि सात जण गेले. डायान वॉन या अभ्यासक बाईंनी पुढं दाखवून दिलं की कोणी उघड नियम मोडला नव्हता; धोका हळूहळू अंगवळणी पडला होता.

घाटात तरी कोण नियम मोडतं? वाहतूकदाराला टनावर पैसे मिळतात, म्हणून ट्रॉली शिगोशीग. गव्हाण रिकामी पडू द्यायची नाही, म्हणून रात्रीच्या खेपा. इथून जाणारा खामगाव-पंढरपूर महामार्ग रुंद झाला तेव्हा घाट अरुंदच राहिला, त्यालाही कारणं असतीलच. सगळे आपापल्या जागी बरोबर. अपघात झाला की मात्र सगळे गायब आणि पंचनाम्यात उरतो एकटा चालक.

परळीजवळ पांगरीत 8 डिसेंबर 2017 रोजी वैद्यनाथ साखर कारखान्यात उकळत्या रसाची टाकी फुटून कामगार दगावले, तेव्हा पंचाईत झाली असणार. टाकीला चालक नव्हता.

चालकापलीकडं बोट दाखवणारं 198-अ हे कलम मोटार वाहन कायद्यात 2019 साली आलं. रस्त्याच्या रचनेत वा देखभालीत कसूर होऊन माणूस मेला किंवा अपंग झाला, तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला 1 लाख रुपयांपर्यंत दंड. हे कलम ठाऊक असलेला माणूस फाट्यावर शोधूनही सापडायचा नाही.

रस्ता सुरक्षा अभियान मात्र सर्वांना ठाऊक. ते येतं जानेवारीत, हंगाम निम्मा उरकल्यावर. ट्रॅक्टर उभा करतात, हार घालतात, एका रिफ्लेक्टरला सात-आठ मान्यवरांचे हात लागतात. दुसऱ्या दिवशी फोटो छापून येतो. त्यात सगळे मान्यवर ओळखू येतात, रिफ्लेक्टर तेवढा त्यांच्यामागं झाकलेला असतो.