फाट्यावर मामा उभेत

‘फाट्यावर मामा उभेत. पलीकडून या.’

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी आमच्या गल्लीच्या ग्रुपवर हा निरोप पडला आणि आठ बारापर्यंत त्याला ३१ अंगठे मिळाले. नळाला पाणी कधी येणार, हा प्रश्न त्याच ग्रुपवर परवापासून तसाच पडून आहे. पण मामा म्हटलं की अख्खी गल्ली जागी होते. परगावच्या वाचकांसाठी सांगतो, हे मामा आईचे भाऊ नव्हेत. पांढरा सदरा, खाकी पँट, हातात ई-चलनाचं यंत्र. भाच्याला खाऊ देण्याऐवजी भाच्याकडूनच वसूल करणारे.

आणि ‘पलीकडून या’ म्हणजे सेवा रस्त्यानं उलटे या. सरळ यायचं तर पुढं जाऊन पुलाखालून वळसा घ्यावा लागतो. त्यात दोन मिनिटं जातात, आणि आम्हा शिरवळकरांकडं दोन मिनिटं नसतात. ती वाचवून आम्ही टपरीवर पोचतो, अर्धा कप चहा घेतो आणि पाऊण तास ‘हल्ली लोक कशाही गाड्या चालवतात’ या विषयावर बोलतो.

शिरवळ हे रस्त्याचंच गाव. निरेपलीकडं पुणे जिल्हा, अलीकडं सातारा. साताऱ्यात शिरताना पहिलं मोठं गाव आमचं, म्हणून पुण्याहून कोल्हापूरला निघालेल्याला इथं आल्यावर भूक लागते. एमआयडीसी आली, कंपन्यांच्या बस आल्या, तिन्ही पाळ्यांची माणसं आली. गावात पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यामुळं हायवे ओलांडताना जायबंदी झालेल्या म्हशीची सोय गावातच होते. माणसाला पुणं नाही तर सातारा गाठावं लागतं.

आमचा इतिहासही ओलांडण्याचाच. १६४८ साली आदिलशाहीच्या फत्तेखानाची माणसं निरेकाठच्या सुभानमंगळात घुसून बसली होती. शिवाजी महाराजांनी कावजी मल्हारला धाडलं आणि त्याच्या मावळ्यांनी तो भुईकोट परत घेतला. त्या किल्ल्याचं आता फारसं काही उरलेलं नाही. तटावरून उडी मारायची कला मात्र गावानं जपली आहे. सकाळी पहिल्या पाळीच्या वेळेला हायवेचा दुभाजक बघावा. एका हातात डबा, दुसऱ्या हातात मोबाइल, एक पाय तटावर, नजर येणाऱ्या कंटेनरवर. फरक एवढाच की मावळ्यांना शत्रू कोणत्या बाजूला आहे ते पक्कं ठाऊक होतं.

ग्रुपवर मात्र सगळे तज्ज्ञ. निवृत्त मास्तर रोज सकाळी फुलांच्या चित्राखाली ‘अति घाई, संकटात नेई’ टाकतात. तो फोटो त्यांच्याच स्कूटरवरून, नातवाला पुढं उभं करून शाळेत सोडताना, चालत्या गाडीवर पाठवलेला असतो. दाजींचा हेल्मेटवर पूर्ण विश्वास आहे. परवा त्यांनी हेल्मेटमधून दीड डझन अंडी आणली, एकही फुटलं नाही. ‘बगा, म्हंजे कंपनी चांगली हाय,’ म्हणाले. मी म्हटलं, ‘दाजी, मग डोक्यात का घालत नाही?’ तर म्हणाले, ‘आवो, मग अंडी कशात आणू?’

आण्णांच्या पोराला दहावीला ८८ टक्के पडले म्हणून गाडी मिळाली. वय सोळा. २०१९ च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्यात अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिल्यास पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, हे मी ग्रुपवर लिहिलं. खाली आण्णांनी हात जोडले. मला वाटलं, पटलं. संध्याकाळी भेटले तेव्हा म्हणाले, ‘चांगली म्हायती दिली राव. आता पोराला सांगितलंय, मामा नसतील तिकडनंच जात जा.’

मध्यंतरी गल्लीत एक शाळकरी पोरगी गाडीखाली येता येता वाचली. त्या रात्री ग्रुप पेटला. गतिरोधक पाहिजे! अर्ज, शिष्टमंडळ, पाठपुरावा यांत दीडशे निरोप झाले. शेवटी वैनींच्या घराचा स्लॅब पडत होता, त्यातलं उरलेलं काँक्रीट रातोरात रस्त्यावर ओतण्यात आलं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पुस्तकात गतिरोधकाचं माप दिलेलं आहे. रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर, म्हणजे गाडी ताशी पंचवीसच्या वेगानं अलगद चढावी आणि अलगद उतरावी. आमचा गतिरोधक एक हात रुंद आणि वीतभर उंच. तो गती रोखत नाही, मणका मोजतो. भाजीवालीच्या गाड्यावरचे टोमॅटो पहिल्याच दिवशी उतरले. तिसऱ्या दिवशी दुचाक्यांनी गटाराच्या कडेनं वाट पाडली आणि आता त्या वाटेवरून आधीपेक्षा जोरात जातात. ज्या पोरीसाठी हे सगळं केलं, ती गटाराच्या कडेनंच शाळेत जाते.

सगळा दोष आमचाच, असं मी म्हणणार नाही. या हायवेचं सहापदरीकरण २०१० साली सुरू झालं, तेव्हा अडीच वर्षांत होईल असं सांगितलं होतं. त्या वेळी रांगणारी पोरं मिसरूड फुटेपर्यंत आम्ही ‘काम चालू, रस्ता बंद’ हीच पाटी वाचत होतो. पुढं साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की उसाचे ट्रॅक्टर निघतात. एकामागं दोन ट्रॉल्या, पुढं कर्ण्यावर गाणं. गाणं अर्ध्या मैलावरून ऐकू येतं, पण मागचा दिवा दहा फुटांवरूनही दिसत नाही. चार रुपयांची लाल चमकती पट्टी मागं लावायला कुणाला सुचत नाही, पण मडगार्डवर ‘बघतोस काय, मुजरा कर’ रंगवलेलं असतं. अंधारात ते वाचायला जो जवळ जातो त्याचा मुजरा शेवटचाच.

आणि कधी खरंच काही घडलं, की गल्लीच्या ग्रुपवर आधी फोटो येतो. मग ‘कुठं?’ मग ‘कुणाचा?’ मग ‘निरेच्या पुलाच्या अलीकडं की पलीकडं?’ पलीकडं असेल तर हळहळ निम्मी, कारण जिल्हा दुसरा. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि हायवेवरच्या मदतीसाठी १०३३ हे नंबर मी एकदा टाकले, तर ‘हे कुणाचे नंबर?’ अशी विचारणा झाली. जखमीला मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती नाही, त्याच्यावर खटला चालत नाही, हेही कायद्यात आलेलं आहे. पण ‘नसती भानगड कशाला’ हा त्याहून जुना कायदा आहे आणि त्याची अंमलबजावणी चोख होते.

१० एप्रिल २०१८ ची पहाट मी विसरलेलो नाही. खंबाटकीचा बोगदा ओलांडल्यावरच्या त्या नागमोडी वळणावर मजुरांचा टेम्पो उलटला. विजापूरकडून कामासाठी शिरवळकडं निघालेली माणसं, सोबत बायका-पोरं. १८ जीव गेले. आमच्याच गावाच्या बांधकामांवर राबायला येत होती ती. वळण टाळायला पुढं जुळा बोगदा हाती घेतला गेला. ग्रुपवर त्या दिवशी मेणबत्त्या लागल्या. दुसऱ्या दिवशी कुणाचा तरी वाढदिवस होता.

आता माझी गोष्ट सांगतो, म्हणजे सदर लिहायला मी मोकळा. गेल्या हंगामात एका रात्री साडेदहाला मी लोणंदकडून येत होतो. ग्रुपवर एका अनोळखी नंबरावरून निरोप पडला: ‘फाट्याच्या अलीकडं वळणाला उसाची ट्रॉली बंद पडलीय. लाईट नाय. सावकाश या.’ हा निरोप मी वाचला तो चालत्या गाडीवर, अंगठ्यानं वर सरकवत. वेग कमी केला. वळण आलं आणि पंधरा फुटांवर काळोखातून काळोखाचाच एक ढीग पुढं आला. ब्रेक लागला. दोन पाचटं काचेवर टेकली. पाय लटपटत होते म्हणून पाच मिनिटं मी तिथंच बसलो.

घरी आल्यावर त्या निरोपाखाली बघितलं. एकही अंगठा नव्हता. मीही दिला नाही. सकाळी नीट दोन ओळी लिहून आभार मानू म्हटलं. सकाळी उठलो तर ग्रुप चालवणाऱ्या तात्यांनी तो नंबर काढून टाकलेला. ‘गल्लीतला दिसत नाही. वॉचमन असावा कुठल्या तरी कंपनीचा. उगाच बाहेरची माणसं नकोत,’ असं त्यांचं स्पष्टीकरण होतं.

आभाराच्या दोन ओळी लिहायला मी मोबाइल हातात घेतला. तेवढ्यात वर नवा निरोप चढला. ‘फाट्यावर मामा उभेत. पलीकडून या.’

त्या ३१ अंगठ्यांतला पहिला माझा आहे.