नळाला पाणी आलं, तर भाऊंना कोण विचारणार?

नवनिर्वाचित नगरसेवक भाऊ आणि ताई, सर्वप्रथम हार्दिक अभिनंदन. राज्यातल्या पालिकांसाठी बहुतेक ठिकाणी २ डिसेंबरला मतदान झालं आणि गुलाल उधळायला २१ डिसेंबर २०२५ उजाडला. मधले दिवस मतदान यंत्रं कुलपात होती आणि उमेदवार गॅसवर. ज्या गावांत नळाला पंधरा दिवसांआड पाणी येतं, तिथल्या मतदारांना यात काही वावगं वाटलं नाही. वाट बघण्याचा त्यांचा सराव दांडगा आहे. आता २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींत नवे कारभारी बसले आहेत. चौकातले फ्लेक्स तेच आहेत, फक्त 'भावी' या शब्दावर चिकटपट्टी मारली आहे.

त्याआधी बहुतेक पालिकांत जवळपास चार वर्षं प्रशासक होते. मुदत संपण्याआधी निवडणूक घ्या, असं राज्यघटना सांगते. पण ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादात सगळं अडकलं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कान पिळला, तेव्हा कुठे गाडी हलली. या काळात एक नाजूक गोष्ट उघडकीला आली. नगरसेवक नसतानाही गटार पूर्वीइतकंच तुंबलं, पथदिवे पूर्वीइतकेच बंद राहिले आणि घंटागाडी पूर्वीइतकीच चुकली. 'मग यांची गरजच काय?' असं कुणी विचारायच्या आत कामाला लागा. पुढची पाच वर्षं सुखाची जावीत म्हणून काही अनुभवाचे बोल सांगतो.

पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा सल्ला: सेवा सुधारायच्या भानगडीत पडू नका.

आश्चर्य वाटलं? मग हे बघा. सकाळचे सहा वाजलेत. गल्लीत बायका कळशा, पिंप, रंगाचे रिकामे डबे मांडून बसल्यात. 'आज आपल्या भागाचं पाणी आहे ना?' 'काल सोडायचं होतं म्हणे.' पाणी येत नाही. साडेसहाला एक काकू तुम्हाला फोन लावतात. तुम्ही व्हॉल्व्हमनला लावता. तो मोटारसायकलवर लांबलचक लोखंडी चावी आडवी धरून येतो, रस्त्यातल्या खड्ड्यात ती घालतो आणि चार आटे फिरवतो. नळ आधी फुसफुसतो, मग गढूळ धार लागते. घरोघरी टुल्लू मोटारी सुरू होतात आणि ज्याची मोटार मोठी त्याची टाकी आधी भरते. ते पाणी मागच्या गल्लीचं असतं, हे तुम्हाला आणि व्हॉल्व्हमनला सोडून कुणालाच ठाऊक नसतं. काकू म्हणतात, 'भाऊ म्हणजे देवमाणूस!' अर्ध्या तासाने मागच्या गल्लीतून फोन येतो. तिथेही चार आटे फिरवा. एका पाण्यात दोन गल्ल्यांची मतं.

आता समजा, नळाला रोज ठरल्या वेळी पाणी आलं. काकू तुम्हाला फोन कशाला करतील? जन्माचा दाखला खिडकीवर मुदतीत मिळाला, तर तुमच्या कार्यालयाची पायरी कोण चढेल? महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्काचा कायदा आहे. दाखला किती दिवसांत द्यायचा, याचा फलक पालिकेत लावणं बंधनकारक आहे. तो फलक कपाटामागे आहे. तिथेच राहू द्या. दाखला कायद्याने मिळाला तर लोक कायद्याला दुवा देतील, तुम्हाला नाही.

दुसरा सल्ला: खर्च नेहमी जमिनीच्या वर करा. जमिनीखालच्या पाइपलाइनवर नावाची पाटी लावता येत नाही. पाइप बदलला की वर्षभर रस्ता उकरलेला, धुळीचे लोट, दुकानदारांच्या शिव्या. आणि काम चोख झालं तर कुणाला दिसतसुद्धा नाही! त्यापेक्षा पेव्हर ब्लॉक बसवा. चांगल्या डांबरी रस्त्यावर पेव्हर, दोन वर्षांनी पेव्हर काढून काँक्रीट. काँक्रीट वाळलं की मग पाणीपुरवठा विभागाला जाग येऊ द्या. प्रत्येक टप्प्यावर नारळ फुटतो, फोटो निघतो. स्वागत कमानीला तर तोडच नाही. गावात शिरणाऱ्याला आधी तुमचं नाव दिसतं, खड्डा नंतर.

तिसरा सल्ला पैशाबद्दल. १९९९ मध्ये राज्यातल्या नगरपालिकांची जकात गेली आणि तिच्यासोबत स्वतःच्या खिशात हात घालण्याची सवयही गेली. त्या जागी सरकारचं सहायक अनुदान आलं, तेही प्रामुख्याने पगारात जातं. उरली घरपट्टी आणि पाणीपट्टी. ती वाढवायची म्हटली की सभागृहात सर्वपक्षीय एकजूट होते. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे सदस्य त्या दिवशी खांद्याला खांदा लावून 'जनतेवर अन्याय' म्हणून ओरडतात. थकबाकीदारांची यादी मागू नका, तिच्यात ओळखीची नावं निघतात. त्यापेक्षा मुंबईला जा, मंत्रालयाच्या पायऱ्यांवर फोटो काढा आणि 'कोट्यवधींचा निधी खेचून आणला' असा फ्लेक्स लावा. निधी कशासाठी आला, गावाला त्याची गरज होती का, हे विचारणारा माणूस विकासविरोधी असतो. निधी व्यायामशाळेचा असेल तर व्यायामशाळा बांधा. पाण्याच्या टाकीला गळती असेल तर असू द्या. तरुण पोरं दंड कमावतील आणि टँकरच्या पाण्याचे हंडे वाहतील.

चौथा सल्ला नगराध्यक्षांशी कसं वागायचं याचा. हे पद थेट जनतेतून भरायचं की सदस्यांनी निवडायचं, यावर राज्याचं मत सरकारबरोबर बदलतं. २०१६ मध्ये थेट केलं, २०२० मध्ये सदस्यांकडे दिलं, २०२२ मध्ये पुन्हा थेट. त्यामुळे नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचं, असा मणिकांचन योग अनेक गावांत जुळतो. तो तुमच्याकडे असेल तर पाच वर्षं करमणुकीची ददात नाही. विषयपत्रिका आली की विषय तहकूब करा. ठराव मंजूर झालाच तर कलम ३०८ आहे. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमातल्या या कलमाखाली जिल्हाधिकाऱ्यांना ठरावाची अंमलबजावणी थांबवता येते. एक तक्रार ठोका आणि निवांत बसा. मुख्याधिकारी मधल्या मध्ये बदलीची वाट बघतात. ती त्यांना बहुधा पाण्याच्या आधी मिळते.

ताईंसाठी वेगळी सूचना. २०११ पासून निम्म्या जागा महिलांच्या आहेत, त्यामुळे तुम्ही सभागृहात आहात. लेटरहेडवर नाव तुमचं आणि मोबाइल नंबर साहेबांचा, ही प्रथा मोडू नका. सह्या करा, हळदीकुंकवाचे कार्यक्रम घ्या. काही ताई विषयपत्रिका घरी नेऊन वाचतात आणि सभेत विचारतात, 'या बिलात घंटागाडीच्या खेपा किती दाखवल्यात आणि आमच्या प्रभागात किती आल्या?' अशा ताईंपासून ठेकेदारांनी, सहकाऱ्यांनी आणि साहेबांनीही सावध राहावं. कचऱ्याचं बिल वजनावर निघतं, आणि वजनकाट्यावर चढताना कचऱ्यात माती-राबिट कसं मिसळतं, हे बाहेर आलं तर पालिकेतलं खेळीमेळीचं वातावरण बिघडेल.

मोकाट कुत्र्यांचा प्रश्न प्रत्येक सभेत घ्या, मात्र सोडवू नका. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनुसार सहसा कुत्र्याची नसबंदी आणि लसीकरण करून त्याला पकडलं तिथेच परत सोडावं लागतं. म्हणजे कुत्र्याला स्वतःचा प्रभाग सोडता येत नाही. पक्ष आणि प्रभाग बदलण्याची मुभा फक्त तुम्हाला आहे, तिची कदर करा.

आता एक धोक्याची सूचना. काही गावांनी या सुखी परंपरेला काळिमा फासला आहे. केंद्राच्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांत देशात पहिला नंबर २०२० मध्ये कऱ्हाडने पटकावला, २०२१ मध्ये विट्याने, २०२२ मध्ये पाचगणीने आणि २०२३ मध्ये सासवडने. ओळीने चार वर्षं महाराष्ट्रातल्याच नगरपालिका! वेंगुर्ल्याने तर कचरा डेपोचंच प्रेक्षणीय स्थळ केलं. कचरा घरातूनच वेगळा घेतला, ओल्यापासून खत आणि गॅस केला. आणि कऱ्हाडला लागून असलेल्या मलकापूरने दीड दशकापूर्वीच प्रत्येक नळाला मीटर लावून चोवीस तास पाणी द्यायला सुरुवात केली. जास्त वापराल तर जास्त दर. पाणी कधीही येतं म्हटल्यावर कालचं 'शिळं' पाणी मोरीत ओतून नवं भरायचं कुणाला कारण उरलं नाही. टुल्लू मोटारीचंही काम उरलं नाही. तिथल्या व्हॉल्व्हमनला पहाटे कोण नमस्कार घालणार? नुसत्या विचारानेही अंगावर काटा येतो.

या गावांचं नाव आपल्या सभेत कुणी काढलं तर ठरलेलं उत्तर द्या: 'तिथली परिस्थिती वेगळी आहे.' तरीही कुणी हट्ट धरला तर अभ्यास दौरा काढा. पाचगणी उत्तम. टेबललँडवर सामूहिक फोटो, संध्याकाळी महाबळेश्वर, येताना स्ट्रॉबेरी. कचरा प्रकल्प वेळेअभावी राहून जातो.

शेवटचं. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत पालिकांसाठी अठरा विषय लिहून ठेवलेत. पाणी, रस्ते, कचरा, पथदिवे, स्मशानभूमी, जन्ममृत्यूची नोंद, अगदी कोंडवाडासुद्धा. त्यात 'वाढदिवसाचे फ्लेक्स' हा विषय चुकून राहिला. तो एकोणिसावा समजून त्यावर लक्ष केंद्रित करा.

भाऊंसाठी एवढं पुरे. आता वाचकहो, दोन शब्द तुमच्याशी, भाऊंच्या नकळत. वर लिहिलेलं सगळं भाऊ एकट्याच्या जिवावर करू शकत नाहीत. त्यासाठी साडेसहाला फोन करणारे आपण लागतो. आपल्याला गावाचं पाणी नको असतं, आपल्या नळाचं हवं असतं. ते भाऊंनी फोनवर मिळवून दिलं की आपण खूश, आणि मागची गल्ली आपल्या खिजगणतीत नसते. पाणीपट्टी थकवणारे आपणच, मोटार लावणारेही आपणच, आणि ओला-सुका एकाच पिशवीत कोंबून घंटागाडीवाल्याच्या अंगावर भिरकावणारेही आपणच.

पालिकेची सभा गुप्त नसते. अंदाजपत्रक दरवर्षी तिथेच मंजूर होतं. पुढच्या सभेला गल्लीतले चार जण जाऊन मागच्या बाकावर बसा. पाइपलाइनला किती आणि पेव्हरला किती, एवढे दोनच आकडे लिहून आणा आणि गणपतीच्या मंडपात फळ्यावर लावा. पाणी आलं नाही तर भाऊंना 'पाणी सोडा' म्हणू नका, 'सभेत हा विषय कधी मांडला?' एवढंच विचारा. चार आटे फिरवून मिळालेलं पाणी उपकाराचं असतं, आणि पट्टी तर आपण हक्काच्या पाण्याची भरतो.