पाचवा भागीदार

हल्ली रविवार उजाडला की कोल्हापुरातल्या कुठल्या ना कुठल्या हॉलवर एक कोटवाला येतो. नोकरी म्हणजे गुलामगिरी, राजीनामा फेका, मालक व्हा, असं दोन तास ओरडून सांगतो. समोरचे नोकरदार टाळ्या पिटतात. प्रवेश फी आगाऊ घेतलेली असते. ती पगारातूनच आलेली असते, हे त्याला बरोबर ठाऊक असतं.

कोटवाल्याचा लाडका दाखला आपल्याच गावचा. १ जून १९२९, प्रभात फिल्म कंपनी. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून बाहेर पडले आणि इतिहास घडवला! इथं मागून तुतारी वाजते. कोटवाला पाणी पितो.

पण भागीदार तर पाच होते की.

पाचवे सीतारामपंत कुलकर्णी. व्यवसायानं सराफ. बाकीच्या चौघांकडं कला होती, यांच्याकडं थैली होती. भाषणात त्यांचं नाव येत नाही. साहजिक आहे. 'जिद्द ठेवा' म्हटलं की टाळ्या पडतात, 'आधी सराफ शोधा' म्हटलं की लोक उठून जातात.

आणि ते चौघे तरी काय हात हलवत बाहेर पडले होते? पडदा रंगवण्यापासून फिल्म धुण्यापर्यंत सगळं बाबूरावांकडं राबून शिकले होते. शांतारामांनी १९२७ साली 'नेताजी पालकर' दिग्दर्शित केला तो जुन्या कंपनीत राहूनच. चुका मालकाच्या खर्चानं करून झाल्या होत्या. राजीनामा त्यानंतर.

आजचा गडी काय करतो? दहा वर्षं कॉम्प्युटरवर कोड लिहितो आणि राजीनामा देऊन मटणाचं हॉटेल काढतो. कांदा आयुष्यात कधी चिरलेला नाही!

पुढचंही सांगून टाकतो, कोटवाला सांगणार नाही. प्रभात १९३३ मध्ये पुण्याला गेली. १९४२ मध्ये शांताराम तिथूनही बाहेर पडले आणि मुंबईत राजकमल काढली. पुढं प्रभात बंद पडली. १९६० मध्ये त्याच जागेत केंद्र सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट आली. नोकरी सोडून उभारलेल्या स्टुडिओच्या आवारात आता सरकारी पगार होतात.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचंही तसंच. मुंबईच्या व्हीजेटीआयमधली मास्तरकी, हक्काची बढती डावलली म्हणून सोडली. बाणेदारपणा खराच. पण नोकरीत असतानाच मुंबईहून सायकली बेळगावला धाडत होते आणि थोरले बंधू रामूअण्णा तिथं त्या विकत होते. म्हणजे आधी दुकान, मग बाणा. पुढं बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा १९१० मध्ये औंधच्या राजांनी कुंडलजवळचं माळरान दिलं. पाचवा भागीदार इथंही आहेच, फक्त थैलीच्या जागी जमीन.

गंगाराम कांबळ्यांची गोष्ट तर आणखी वेगळी. संस्थानच्या पागेत नोकरी. हौदाच्या पाण्याला हात लावला म्हणून मार खाल्ला. शाहू महाराजांनी त्यांना स्वतःचा धंदा काढायला लावलं आणि भाऊसिंगजी रोडवर त्यांचं 'सत्यसुधारक' हॉटेल उभं राहिलं. दलिताच्या हातचा चहा प्यायला सवर्ण फिरकेनात. मग महाराजांची गाडीच तिथं थांबू लागली. महाराज चहा घेत, बरोबरच्यांनाही घ्यावा लागे. भांडवलही राजाचं, गिऱ्हाईकही राजाच.

आपल्या हॉटेलावरही नेते येतात. एकदाच. फीत कापायला.

माझ्या एका दोस्तानं पुण्यातली कंपनी सोडून रंकाळ्याच्या बाजूला तांबडा-पांढऱ्याचं हॉटेल टाकलं. उद्घाटनाला चौकात डिजिटल फलक. त्यावर शुभेच्छुकांचे सत्तावीस फोटो, मालकाचा एक, तोही कोपऱ्यात. पहिल्या दिवशी रेटारेटी. 'नाद खुळा, भावा!' म्हणत सगळे तुडुंब जेवले. पैसे कुणी दिले नाहीत. उद्घाटनाला कुणी देतं होय?

दुसऱ्या दिवशीही तेच आले. पैसे देतो म्हणाले. पुढच्या पगाराला.

त्याच्या गल्ल्याखाली लाल कापडी बांधणीची वही आहे. मी ती चाळली. तात्या (तालीम), बारक्या, बारक्याचा मेहुणा, 'पांढरी बुलेट', मंडळाचे अध्यक्ष, आणि एका पानावर नुसतंच 'मामा'. कुणाचा मामा, ते दोस्तालाही आठवेना. मामाचा आकडा मात्र सगळ्यात मोठा. मागायला जावं तर माणूस तुटतो, न मागावं तर मटणवाला तुटून पडतो. पुण्यात अनोळखी लोक त्याला महिन्याच्या महिन्याला पैसे देत होते. इथं सगळा गाव ओळखीचा!

उद्यमनगरात उधारीला वही लागत नाही, तिथं बिल असतं. लहान उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकवावं, असं २००६ चा कायदा सांगतो. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ. वाचून छाती फुगते. जरा लेथवर उभ्या असलेल्या माणसाला विचारा, कायदा दाखवून किती वेळा पैसे मागितले? तो हात पुसत हसेल. कायदा दाखवला तर पैसे मिळतील हो, पण पुढची ऑर्डर कोण देणार?

नोकरीत पगार एक तारखेचा पाच तारखेला झाला तर हाच माणूस गेटवर घोषणा द्यायचा.

बँकेचंही बघा. पगार चालू असताना दुपारच्या झोपेत फोन, सर, पर्सनल लोन घ्या. राजीनामा दिल्यावर तीच बँक तीन वर्षांचे ताळेबंद मागते. दुकान उघडून तीन महिने झालेले असतात.

लग्नाच्या बाजाराबद्दल तर बोलायलाच नको. मुलगा काय करतो? स्वतःचा व्यवसाय आहे. ते झालं हो, पण करतो काय?

मग हे सगळे धंदे चालतात तरी कसे? कारण पाचवा भागीदार अजून आहे. आता तो सराफपेढीवर बसत नाही. सकाळी सातला डबा भरतो, स्कूटीला किक मारतो आणि झेडपीच्या शाळेत किंवा दवाखान्यात हजेरी लावतो. माझ्या दोस्ताची बायको नर्स आहे. हॉटेलाचं भाडं तिच्या पगारातून जातं. मटणवाल्याला शांत करते तीच. रात्रपाळी उरकून आली की मसाला तिच्याच हातचा.

हॉटेलाच्या पाटीवर दोस्ताचं नाव आहे. खाली बारीक अक्षरात 'प्रोप्रायटर'. तिचं नाव कुठंय म्हणून मी विचारलं. म्हणाला, पाटी रंगवणारा अक्षराला पैसे घेतो.

गेल्या महिन्यात कोटवाल्याला हा दोस्त सापडला. आता त्याला स्टेजवर बसवतात. 'पंधरा लाखांचं पॅकेज लाथाडणारा कोल्हापूरचा वाघ!' वाघ दहा मिनिटं बोलतो. नर्सबाई ड्यूटीवर असतात, त्यामुळं टाळ्या त्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत.

परवा शुक्रवारी त्याच्याकडं जेवून आलो. पांढरा रस्सा झकास होता, दोनदा मागून घेतला. निघताना खिसे चाचपले आणि म्हणालो, दोस्ता, लिहून ठेव.

त्यानं लिहिलं. मामाच्या शेजारच्या पानावर.