वर्गणी मागणारे

देणाऱ्याचं नाव टिकवण्याची व्यवस्था आपल्याकडे फार चोख आहे. देवळातला पंखा बघा. पहिल्या पात्यावर लाल ऑइलपेंटने 'कै.' लावून वडिलांचं नाव, दुसऱ्यावर 'यांच्या स्मरणार्थ', तिसऱ्यावर चिरंजीवांचं नाव आणि गाव. पंखा बंद असला की नाव वाचता येतं, चालू असला की वारा लागतो. दोन्ही लाभ एकदम मिळत नाहीत. बाकाच्या पाठीवर, पाणपोईच्या फरशीवर, सार्वजनिक पातेल्यांच्या बुडाला, इतकंच काय, स्मशानातल्या कट्ट्यावरही नावं आहेत. तिथे बसून ती वाचण्याची मनःस्थिती कोणाची असते, ते देणगीदारच जाणोत.

मात्र त्या पंख्यासाठी देणगीदाराच्या घरी खेपा कोणी घातल्या, 'या की पुढच्या आठवड्यात' हे हसतमुखाने कोणी ऐकून घेतलं आणि शेवटी दुकानातून पंखा स्कूटरवर मांडीत धरून कोणी आणला, हे कुठल्याच पात्यावर लिहिलेलं नसतं. चार पात्यांचा पंखा घेतला तरी चौथ्यावर पत्ता येईल.

मला विचाराल तर देणं त्या मानाने सोपं आहे. खिशात हात घालायचा, नाही घालायचा, एवढाच प्रश्न. मागणाऱ्याला आधी दुसऱ्याच्या दाराची बेल दाबावी लागते. स्वतःसाठी मागताना लाज वाटते हे समजू शकतं, पण दुसऱ्यासाठी मागतानाही ती वाटते आणि तरीही माणसं रविवारी सकाळी बगलेत पावतीपुस्तक मारून जिने चढतात. हा आपल्याकडचा एक जुना आणि बिनपगारी व्यवसाय आहे.

त्यातले थोर लोक आठवले की छाती दडपते. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड काढला. कल्पना अशी की प्रत्येकाने वर्षाला फक्त एक पैसा द्यायचा आणि त्यातून देशी उद्योग उभे करायचे. ऐकायला किती सोपं! पण तेव्हा रुपयाला चौसष्ट पैसे होते. म्हणजे एक रुपया जमायला चौसष्ट माणसं गाठायची, चौसष्टांना कल्पना समजावून सांगायची आणि त्यातल्या निदान दहांचा तरी 'एका पैशाने काय होणार' हा प्रश्न शांतपणे झेलायचा. लोकमान्य टिळकांनी पाठीशी उभं राहून 'केसरी'तून या फंडाचा पुरस्कार केला. तरी केसरी काही घरोघर जाऊन पैसा आणत नाही, त्याला माणूसच लागतो. अशा पैशापैशातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला आणि तिथे तयार झालेले कारागीर पुढे देशातल्या इतर काचकारखान्यांत गेले. त्या फंडासाठी दारोदार फिरलेल्या माणसांपैकी किती जणांची नावं आज कोणाला सांगता येतील? मला तर एकच येतं.

दुसरे अण्णासाहेब कर्वे. अनाथ बालिकाश्रमासाठी पुणे ते हिंगणे ही चिखलाची वाट पायी तुडवायची, कॉलेजात गणित शिकवायचं आणि सुट्टी लागली की वर्गणीसाठी गावोगाव हिंडायचं. तेही विधवांच्या आश्रमासाठी, म्हणजे ज्या विषयावर लोक वर्गणीच्या आधी शिव्या द्यायला तयार होते. पुढे महिला विद्यापीठ निघालं आणि १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाखांची देणगी दिली. विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री नाथीबाईंचं नाव लागलं, ते योग्यच झालं. कर्वे सत्तरी ओलांडल्यावर त्याच विद्यापीठासाठी परदेशांतही फिरून आले. मग तरी घरी बसावं? १९३६ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी खेड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी नवं मंडळ काढलं आणि पुन्हा मागायला सुरुवात केली. मागणाऱ्याचं नाव राहत नाही या माझ्या सिद्धान्ताला हा एक अपवाद आहे, हे मान्य. हिंगण्याचा तो परिसर आज कर्वेनगर म्हणून ओळखला जातो. पण त्यासाठी एकशे चार वर्षं जगावं लागतं आणि भारतरत्न मिळवावं लागतं. सगळ्यांना जमण्यासारखं नाही.

आमचा व्याप अर्थातच फार लहान. एका सोसायटीच्या न वापरलेल्या गॅरेजात रुग्णोपयोगी साहित्याचं केंद्र चालतं. वॉकर, कुबड्या, चार पायांची काठी, व्हीलचेअर, कमोडची खुर्ची, अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी, डोक्याकडची बाजू वर करता येणारा फाऊलर बेड. डिपॉझिट भरा, न्या, गरज संपली की परत आणा आणि डिपॉझिट घेऊन जा. अशी केंद्रं महाराष्ट्रातल्या बऱ्याच शहरांत आहेत आणि बहुतेक ठिकाणी ती निवृत्त माणसं चालवतात. म्हणजे ज्यांना उद्या वॉकर लागणार, तेच आज तो वाटत असतात. निवडीला भरपूर वाव असल्यामुळे आमच्या एका काकांनी स्वतःसाठी एक काठी मनातल्या मनात राखूनही ठेवली आहे.

वस्तूंच्या देणग्या भरपूर येतात. २०२१ च्या उन्हाळ्यात ऑक्सिजनसाठी धावाधाव झाली तेव्हा लोकांनी पाच लिटरची काँसंट्रेटर यंत्रं घेऊन दिली. ती आता कपाटाशेजारी उभी असतात, अधूनमधून चालू करून बघावी लागतात आणि ती चालू केली की गॅरेजात कोणाचंच बोलणं कोणाला ऐकू येत नाही. फाऊलर बेड द्यायलाही माणसं पुढे येतात, कारण बेडच्या पायथ्याला नावाची पट्टी छान बसते. शिवाय घरं आवरताना जे जे सापडेल तेही आमच्याकडे येतं. तुटकी कमोडची खुर्ची, 'वेल्डिंग केलं की नवी' या शेऱ्यासह. मुदत संपलेल्या गोळ्यांची पिशवी, 'कोणाच्या तरी उपयोगी पडतील' म्हणून. एकांनी वॉकरबरोबर जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठाही दिला. आजाऱ्याला वाचायला वेळ असतो, असा त्यांचा हिशेब. तो आम्हीच वाचून काढला.

पण वॉकरच्या पायांना खाली रबरी बुचं असतात. ती झिजली की वॉकर फरशीवर सटकतो आणि ज्याचं खुब्याचं हाड आत्ताच जुळलं, तो पुन्हा जमिनीवर. म्हणजे सगळ्या वॉकरमधला सर्वांत महत्त्वाचा भाग तो, आणि किंमत म्हटली तर किरकोळ. मात्र आजवर कोणीही आमच्याकडे येऊन 'कै. तीर्थरूपांच्या स्मरणार्थ चार बुचं' दिलेली नाहीत. बुचावर नाव बसत नाही. व्हीलचेअरची ट्यूब, हवेच्या गादीच्या पंपाची दुरुस्ती, बेड तिसऱ्या मजल्यावर चढवणाऱ्या टेम्पोवाल्याचे पैसे, फिनेल, लाइटबिल, यांच्यावरही बसत नाही. म्हणून वर्षातून एकदा पावतीपुस्तक काढायचं आणि एक्कावन्न-एकशे एकसाठी फिरायचं. ही सगळी बिननावाची रक्कम बुचांत जाते.

फिरायचं ते जोडीने, हा पहिला नियम. एकटा माणूस दारात उभा राहिला की काहीतरी विकायला आलाय असं वाटतं. चौघे गेले तर मंडळाचे वाटतात आणि घरातली माणसं आधी पाकीट आत ठेवतात. दोघं म्हणजे सज्जन. रविवारी साडेदहाच्या आधी जायचं नाही, एकनंतर तर नाहीच, आणि भारताची मॅच असेल तर दाराकडे फिरकायचंसुद्धा नाही. पितृपक्षात मात्र जरूर जावं. त्या पंधरवड्यात लोक घर घेत नाहीत, गाडी घेत नाहीत, पण गेलेल्यांची आठवण ताजी असते आणि हात सैल असतो.

माझ्याकडे पावतीपुस्तक असतं, कारण माझं अक्षर बरं आहे आणि बोलणं तितकं बरं नाही. बोलायचं काम काकूंचं. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या. निम्म्या दारांत त्यांचा जुना विद्यार्थी निघतो आणि मग वर्गणीचा प्रश्न उरत नाही. सातवीतल्या न केलेल्या गृहपाठाचे पैसेही त्यात वसूल होतात.

उरलेल्या निम्म्या दारांत मात्र मनुष्यस्वभावाचं भांडार उघडतं. दार उघडणारा छोटा मुलगा प्रामाणिक असतो. 'बाबा म्हणाले, बाबा घरी नाहीत.' काही जण 'आम्ही भाड्याने राहतो' असं सांगतात, जणू भाडेकरूंचे गुडघे दुखत नाहीत. 'आत्ताच गणपतीची दिली' हे उत्तर भाद्रपदात ठीक, पण ते फाल्गुनातही मिळतं. एक गृहस्थ एकवीस रुपये देतात आणि गेल्या तीन वर्षांचा ताळेबंद मागतात. आम्ही तो नेतो. त्याचं मला कौतुक वाटतं, कारण आमचा ताळेबंद वाचणारे ते आणि ऑडिटर एवढे दोघंच. आणि ऑडिटरबद्दल मी खात्री देत नाही. 'ऐंशी-जी मिळेल ना?' असं एक्कावन्न रुपयांवर विचारणारेही आहेत. मग दारातच करसल्ला सुरू होतो: दोन हजारांच्या वर रोख दिलं तर सवलत नाही, नव्या करप्रणालीत तर ती मुळातच नाही. शेजारचे बाहेर येतात, तेही चर्चेत उतरतात, कुठली प्रणाली फायद्याची यावर दोन तट पडतात आणि आम्ही एक मजला गमावून बसतो.

गणेशोत्सवाची वर्गणी जमवायची तर धर्मादाय आयुक्तांची कलम ४१ क खाली परवानगी लागते, हेही आम्हाला दारात उभं करून ऐकवलं जातं. आमचा नोंदणीकृत न्यास आहे, असं म्हणत नोंदणी क्रमांक दाखवावा लागतो. काकू तो पाठ म्हणतात, पाढ्यासारखा. मला या चौकशांचा राग येत नाही. पावतीपुस्तकाचा धाक दाखवून दुकानदारांकडून हजारोंनी उकळणारेही याच शहरात राहतात. त्यांच्यामुळे आमच्यासारख्यांना ओळखपत्र गळ्यात घालून फिरावं लागतं. मागण्याच्या कामाला बट्टा लावतात ते न देणारे नव्हेत, हे दमदाटीने घेणारे.

आता आमच्यातले तरुण सदस्य (म्हणजे पन्नाशीच्या आतले दोघे) म्हणतात की हे सगळं कशाला? क्यूआर कोड छापा, व्हॉट्सअॅपवर टाका, घरबसल्या पैसे येतील. टाकला. ग्रुपवर जोडलेल्या हातांचा, अंगठ्यांचा आणि फुलांचा पाऊस पडला. पैसेही आले, नाही असं नाही, आणि ते सुट्ट्याशिवाय आले ही मोठीच सोय. पण काकूंचा या कोडावर एक आक्षेप आहे आणि खजिनदारांना अजून त्याचं उत्तर सापडलेलं नाही. त्या म्हणतात, कोडला चपला दिसत नाहीत.

दारात उभं राहिलं की चपलांच्या रॅककडे त्यांची नजर जाते. आजोबांच्या चपला महिनाभर जागच्या हललेल्या नाहीत, त्यांच्यावर धूळ आहे, म्हणजे आजोबा खाली उतरत नाहीत. बाहेरच्या खोलीत दिवाण भिंतीपासून ओढून मध्ये आणलाय, म्हणजे दोन्ही बाजूंनी उभं राहून कोणाला तरी उचलावं लागतंय. अशा घरातला माणूस आपण होऊन केंद्रात येत नाही. एक तर त्याला असं केंद्र आहे हेच ठाऊक नसतं, नाहीतर फुकट वस्तू कशी मागायची, असं वाटत असतं. त्याची लाज मोडायला दुसऱ्या मागणाऱ्यानेच त्याच्या दारात जावं लागतं.

परवाच्या रविवारी असंच एक दार उघडलं. उघडणारे गृहस्थ हाफ पँटमध्ये, हातात रिमोट. माझ्या हातातलं पुस्तक बघूनच म्हणाले, "आम्ही कुणालाच वर्गणी देत नाही. तत्त्व आहे आमचं."

"बरोबर आहे," काकू म्हणाल्या. "तत्त्व असावंच. आई दिसत नाहीत हल्ली खाली बाकावर?"

गृहस्थांनी रिमोट या हातातून त्या हातात घेतला. "पडली मागच्या आठवड्यात. बाथरूममध्ये. फ्रॅक्चर नाही, पण धरल्याशिवाय उठत नाही आता. माझीही कंबर..." मग जरा थांबून, "तुमच्याकडे ते... धरून चालायचं असतं ना... ते विकत असतं का?"

"विकत नाही, डिपॉझिट. परत आणलंत की पैसे परत. हे लिहून घेतील." माझ्याकडे बोट. "उंची किती हो आईंची? त्यावर वॉकर लावून द्यावा लागतो, नाहीतर पाठीत वाकतात."

गृहस्थांनी हात हवेत खांद्याच्या जरा खाली धरला, मग आणखी थोडा खाली नेला. खात्री वाटेना, म्हणून आतल्या दाराकडे वळून त्यांनी तो हात पुन्हा वर केला.

आतून खणखणीत आवाज आला, "पाच फूट! आणि वर्गणी दे त्यांना आधी. दारात काय उभं केलंयस केव्हाचं?"